दर्या आणि दऱ्या

मागच्या नोव्हेंबरातल्या एका रविवारी मगरिबनंतर मी डोंबिवलीला आपाकडे गेलो होतो. आपा म्हणजे माझी मोठी बहीण. मी अजून कल्याणला दूधनाक्यावरच्या जुन्या घरातच राहतो, त्यामुळे रविवारची ही फेरी ठरलेली. चहा व्हायचा होता. भाची जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. मला पाहताच म्हणाली, "मामू, बरं झालं आलात. चष्मा लावा आणि हे वाचा. दोन्हींत फरक काय?"

पडद्यावर शेजारी शेजारी दोन चित्रं होती. दोन्हींत एक करडं बटण आणि त्यावर मराठी अक्षरं. डावीकडे होतं ‘दुसर्या वापरकर्त्याने प्रवेश करा’. उजवीकडे ‘दुसऱ्या वापरकर्त्याने प्रवेश करा’.

"डावीकडचं चूक, उजवीकडचं बरोबर," मी म्हणालो. वीस वर्षं उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवतोय. एवढ्यासाठी चष्माही लागत नाही.

"उलट नाही ना? नीट बघा."

"उलट कसं असेल, बेटा? रफार दिला की ते दुसर्‌-या होतं. तो शब्दच नाही."

ती खुर्चीत मागे रेलली. म्हणाली, "डावीकडचं माझं आदर्श उत्तर आहे, मामू. मार्चपासून. उजवीकडचं आज नापास झालंय. मी त्याच्याविरुद्ध तक्रार लिहायला बसले होते."

म्हणजे आठ महिने चुकीचं उत्तर पास होत होतं. कोणीतरी चूक दुरुस्त केली, त्या दिवशी ते नापास झालं. मी शिक्षक आहे. असली गोष्ट ऐकली की पोटात कुठेतरी हलतं, कारण आपल्या हातूनही असं झालेलं असतं. त्याबद्दल पुढे लिहितो. आधी तिचं काम काय ते सांगायला हवं. लग्नकार्यात लोक मला विचारतात आणि मी "कंप्युटरमध्ये आहे" म्हणून सुटका करून घेत आलोय.

लिनक्स ही विंडोजसारखीच संगणक चालवणारी प्रणाली, फक्त खुली आणि फुकट. फेडोरा, डेबियन, उबुंटू, ओपनसुसे अशी तिची अनेक रूपं आहेत आणि जगभरचे लोक मिळून ती बांधतात. भाचीची कंपनी असंच एक रूप बांधते. कंपनीचं नाव लिहू नका म्हणालीय, म्हणून लिहीत नाही. आठवड्यातून दोन दिवस ती ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये जाते, बाकी दिवस आपाच्या जेवणाच्या टेबलावर.

या प्रणालीत रोज कोणी ना कोणी काहीतरी बदलत असतं. कोणी छपाईचा भाग दुरुस्त करतो, कोणी अनुवाद, कोणी फाँट. रात्री सगळं एकत्र करून नवी प्रत बांधली जाते. ती चालू होते का, नाव-पासवर्ड घालून आत जाता येतं का, फाइल उघडते का, भाषा बदलता येते का, हे कोणीतरी बघायला हवं. रोज रात्री माणूस बसवणं परवडत नाही, म्हणून यंत्रच यंत्राची परीक्षा घेतं. त्यासाठी ओपनक्यूए नावाचं साधन आहे. ते ओपनसुसेवाल्यांनी सुरू केलं, आता फेडोरा आणि डेबियनही वापरतात. ते मोठ्या संगणकाच्या पोटात एक नकली संगणक उभा करतं, त्यात नवी प्रत घालतं, कळा दाबतं, माऊस हलवतं आणि मग पडद्याकडे बघतं.

बघतं म्हणजे वाचत नाही. चित्राशी चित्र जुळवतं. आधी कोणीतरी साठवून ठेवलेलं बरोबर पडद्याचं चित्र असतं. त्याला हे लोक नीडल म्हणतात, गवताच्या गंजीत शोधायची ती सुई. चित्राबरोबर एक छोटी फाइल असते. पडद्यावरचा कोणता चौकोन महत्त्वाचा आणि किती टक्के जुळायला हवा, ते तिच्यात लिहिलेलं असतं. वेगळं काही सांगितलं नाही तर ९६ टक्के. पडदा यायला साधारण ३० सेकंद वाट बघायची. तेवढ्यात चित्र जुळलं तर हिरवं, नाही तर लाल.

घड्याळ दर मिनिटाला बदलतं, म्हणून त्याच्यावर चौकोन काढून ‘इथे बघू नकोस’ असं सांगून ठेवावं लागतं. माऊसचा बाण मध्ये येतो, त्याला कोपऱ्यात ढकलावं लागतं. कर्सर लुकलुकतो. फोटो काढायच्या क्षणी तो दिसत होता की नव्हता, यावरही कधी कधी निकाल ठरतो. एकदा वॉलपेपर बदललं आणि सकाळी उठून बघते तर चाळीसेक परीक्षा लाल. प्रणालीत काहीही बिघडलेलं नव्हतं.

मला वाटायचं, अशा परीक्षा तयार करणं हेच तिचं काम असेल. ते काम दोन वर्षांपूर्वीच झालंय. आताचं काम त्या सांभाळण्याचं. रोज सकाळी लाल यादी उघडायची आणि एकेक पडदा बघून ठरवायचं. प्रणालीत खरंच दोष असेल तर तक्रार नोंदवायची. नकली संगणक मंद चालला किंवा मध्येच नेटवर्क गेलं असेल तर परीक्षा पुन्हा घ्यायची. दोष माहीत आहे, दुरुस्ती व्हायचीय, तोवर पुढे जाऊ द्या, असा एक मधला पिवळा निकालही असतो. मी म्हटलं, ही तर एटीकेटी. ती हसली. तिलाही दुसऱ्या वर्षाला एक लागली होती.

आणि चौथी शक्यता अशी की प्रणाली बरोबर आहे, आपलं आदर्श चित्रच जुनं झालंय. मग नवं चित्र लावायचं. हे सगळ्यात सोपं. नापास झालेलाच पडदा उघडतो, त्यावर चौकोन काढायचा, जतन करायचं, झालं. दुसऱ्या दिवशी हिरवं.

"म्हणजे पोराने लिहिलेलं उत्तर उचलून तेच आदर्श उत्तर म्हणून लावायचं?" मी विचारलं.

"हो. कधी कधी दिवसाला तीस वेळा."

बीएडला मूल्यमापनाच्या पेपरात आम्हाला दोन शब्द पाठ करावे लागले होते, विश्वसनीयता आणि सप्रमाणता. आमचे सर तराजूचं उदाहरण द्यायचे. एखादा तराजू दर वेळी किलोला शंभर ग्रॅम कमी दाखवतो. सकाळी दाखवतो, संध्याकाळी दाखवतो, सोमवारी दाखवतो, शुक्रवारी दाखवतो. तो तराजू विश्वसनीय आहे, कारण त्याचं उत्तर बदलत नाही. पण खरं वजन तो एकदाही सांगत नाही. परीक्षेत हे उदाहरण लिहून मी चांगले गुण मिळवले आणि नंतर विसरलो. त्या रविवारी डोंबिवलीत तराजूच समोर दिसला. भाचीची परीक्षा आठ महिने रोज रात्री तेच उत्तर देत होती, एकदाही न चुकता.

आता मार्चमध्ये काय झालं ते. ग्नोम हा लिनक्सवरचा एक मोठा डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या, बटणं, मेनू यांचा सगळा संसार. वर्षातून दोनदा, मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये, त्याची नवी आवृत्ती येते. मार्च २०२५ मध्ये ४८ वी आली आणि तिच्यात मूळ फाँटच बदलला. २०११ पासून चालत आलेला कँटारेल गेला, अद्वैत सॅन्स आला. आम्हा वापरणाऱ्यांच्या हे लक्षातही येत नाही. पण चित्र जुळवणाऱ्या यंत्राला प्रत्येक बटण, प्रत्येक मेनू, प्रत्येक शीर्षक परकं झालं. एका सकाळी जवळजवळ पूर्ण यादी लाल.

गंमत अशी की या नव्या फाँटमध्ये देवनागरी नाही. मराठी अक्षरं दुसऱ्या फाँटमधून येतात, म्हणजे ती बदलायला नको होती. पण ओळींची उंची बदलली, बटणांचे आकार बदलले, म्हणून मराठीच्या परीक्षाही त्या गर्दीत लाल झाल्या. आणि नेमकं त्याच आठवड्यात अनुवादाच्या फाइली कोणीतरी एका सफाई करणाऱ्या प्रोग्रामातून काढल्या. नको असलेली अदृश्य चिन्हं पुसून टाकणं हे त्या प्रोग्रामाचं काम. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ झालं ते तिथे. भाचीपुढे दोन-तीनशे लाल पडदे होते. मराठीचा पडदा आला, अक्षरं दिसली, नवं चित्र म्हणून लावून ती पुढच्याकडे गेली.

तिला मराठी येत नाही असं नाही. फर्डं बोलते, रिक्षावाल्याशी भांडते मराठीत. पण शाळा इंग्रजी माध्यमाची. वाचताना शब्द अर्ध्यावर ओळखते आणि पुढे सरकते. ‘दुसर’ दिसलं की ‘दुसऱ्या’ झालं तिच्यासाठी. सख्खा मामा मराठीचा मास्तर, पण तो दुसऱ्यांच्या पोरांना शिकवत राहिला. आपा हे मला अधूनमधून ऐकवते, तसं त्या दिवशीही ऐकवलं, चहा देता देता.

ज्यांना या ‘ऱ’ची भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. अर्धा र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसला की रफार होतो. सूर्य, कार्य, धैर्य. पण मराठीत य आणि ह यांच्या आधी तो कधी कधी डोक्यावर न जाता शेजारीच आडवा राहतो, पापणीच्या केसासारखा. पुऱ्या, कुऱ्हाड, तऱ्हा, बऱ्याच. हिंदीत हे नाही. आणि हा नुसता वळणाचा प्रश्न नाही, अर्थ बदलतो. आचार्यांना बोलावलं तर गुरुजी येतील, आचाऱ्यांना बोलावलं तर बिर्याणी शिजेल.

संगणकाला मात्र र, हलन्त, य असं दिलं की तो रफारच काढतो. शेजारचा र हवा असेल तर मध्ये एक अदृश्य चिन्ह घालावं लागतं. त्याचं नाव झीरो विड्थ जॉइनर, म्हणजे शून्य रुंदीचा सांधा. दुसरा मार्ग म्हणजे सुरुवातच खाली नुक्ता असलेल्या ‘ऱ’ने करायची. हा मार्ग जास्त टिकाऊ, कारण त्यात लपवलेलं काही नाही. पण जुन्या अनेक फाइलींत अदृश्य सांधाच वापरलेला आहे. ज्याला मराठी माहीत नाही त्याला तो कचरा वाटतो. त्याच्या दृष्टीने त्याने घर झाडलं.

नुक्त्याचं महत्त्व उर्दू वाचणाऱ्याला वेगळं सांगायला नको. एक ठिपका वर असला तर ख़ुदा, तोच पोटात गेला तर जुदा. आमच्या वर्गात दर वर्षी कोणी ना कोणी हा घोटाळा करतंच, आणि दर वर्षी पोरं तितकीच हसतात.

ही अक्षरं जोडायचं काम जो प्रोग्राम करतो त्याचं नाव भाचीने सांगितलं आणि मी उडालोच. हार्फबझ. "हे कसलं नाव?" म्हणून मी तिला पुन्हा म्हणायला लावलं. मग डोक्यात प्रकाश पडला. हर्फ आणि बाज़! फारसी शब्द. हर्फ म्हणजे अक्षर, बाज़ म्हणजे खुलं. हे काम पुढे नेणारा माणूस मूळचा इराणचा, त्याने ठेवलेलं नाव. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिनक्सचे डेस्कटॉप, सगळीकडे हाच हर्फबाज़ बसलेला आहे. मुंब्र्याच्या पोराच्या मोबाइलवर ‘तऱ्हा’ नीट दिसते ती त्याच्यामुळे. त्याच्या परीक्षा वेगळ्या असतात. तिथे चित्र नसतं. ही अक्षरं दिली तर फाँटमधले हे आकार याच क्रमाने आले पाहिजेत, अशी यादी असते. वॉलपेपर बदलला म्हणून ती लाल होत नाही.

मग मी विचारलं, तुम्हीही असंच का नाही करत? चित्रांची कटकट कशाला? ती म्हणाली, करतो, थोडं. अंध लोकांसाठी पडदा वाचून दाखवणारा जो प्रोग्राम असतो, तो बटणाला त्याचं नाव विचारतो. तोच रस्ता परीक्षेलाही वापरता येतो. डॉगटेल नावाचं साधन तेच करतं. फाँट बदलला तरी त्याला फरक पडत नाही. पण मग बटण फक्त नाव सांगतं, दिसतं कसं ते सांगत नाही. सगळी अक्षरं चौकोनी डबे होऊन बसली असतील तरी तोंडी उत्तर बरोबरच येणार. म्हणजे तोंडी आणि लेखी, दोन्ही घ्याव्या लागतात. हे मला लगेच पटलं. तोंडीत फडाफड बोलणारी आणि लेखीत एका वाक्यात चार चुका करणारी पोरं दर बॅचला असतात.

बहरहाल, माझी गोष्ट.

सात-आठ वर्षांपूर्वी सातवीच्या सहामाहीचा मराठीचा पेपर मी काढला होता. आमच्या मुलांना सुलभभारती असते, दुसरी भाषा म्हणून मराठी. पेपर मी घरी टाइप केला आणि फाइल शाळेच्या कार्यालयात दिली. तिथल्या संगणकावर ती उघडली गेली, छापली गेली. ‘वाक्यात उपयोग करा’ या प्रश्नात मी एक शब्द दिला होता, दऱ्या. धड्यात सह्याद्रीचं वर्णन होतं, त्यातला. छापून आलं दर्या. तो अदृश्य सांधा कुठेतरी गळून पडला होता, हे मला आज कळतं. तेव्हा मी छापलेला पेपर वाचून ठीक आहे म्हटलं होतं. स्वतः लिहिलेलं माणूस वाचत नाही, आठवतो.

पेपर चालू असताना एका मुलीने हात वर केला. "सर, दर्या मतलब समुंदर ना?" मी पर्यवेक्षणाच्या घाईत होतो. पेपरात डोकावलोही नाही. "जो लिखा है वो पढ़ो," म्हणालो. तिने जे छापलं होतं ते वाचलं आणि लिहिलं, ‘माझे नाना दर्यात मासे पकडायला जातात.’ तिचे नाना हर्णैचे. तिच्यासाठी दर्या हा पुस्तकातला शब्दच नव्हता, सुट्टीतला होता.

मी ते वाक्य खोडलं. माझ्या उत्तरसूचीत लिहिलं होतं, ‘सह्याद्रीत खोल दऱ्या आहेत.’ चाळीस पेपर होते, रात्रीचे अकरा वाजले होते. एका मुलीने र्‍य चुकवला एवढंच माझ्या डोक्यात आलं. उलट समासात शेरा दिला, ‘शुद्धलेखनाकडे लक्ष द्या’. दोन गुण गेले. बहुतेक मुलांनी धडा आठवून दऱ्याच लिहिल्या होत्या. म्हणजे ज्यांनी पेपर वाचलाच नाही ते पास झाले.

ती काही बोलली नाही. पेपर परत मिळाल्यावर तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि दप्तरात टाकला. उन्हाळ्यात प्रश्नपत्रिकांची फाइल लावताना छापलेली प्रत हातात आली, तेव्हा मला ‘दर्या’ दिसलं. तोवर तिचे वडील कुटुंब घेऊन पनवेलला गेले होते. दाखला निघाला होता. उत्तरपत्रिका रद्दीत गेल्या होत्या. मी कार्यालयात जाऊन सांगितलं, तर क्लार्क म्हणाले, "सर, पास झाली ना? मग?"

हे मी भाचीला सांगितलं त्या रात्री. ती म्हणाली, "तुमचं एक उत्तर होतं, मामू. माझं रोज रात्री चालत होतं."

पुढच्या सोमवारी ती मला अजून चित्रं पाठवू लागली. मी लोकलमध्ये, कोपर आणि दिव्याच्या मध्ये, एका हाताने वरची कडी धरून दुसऱ्या हाताने चित्र मोठं करून बघायचो. बरीच ठीक होती. एका पडद्यावर ल आणि श हिंदी वळणाचे होते. तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मी कळवलं की मराठीचा ल पाकळ्यांचा, आणि शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात ही दोन्ही अक्षरं मराठी वळणाची ठरवून दिली आहेत, आम्हाला त्यावर परिपत्रक आलं होतं. तिने शोध घेतला. फाँटमध्ये मराठी ल होता, पण ही ओळ मराठी आहे ही खूण त्या पडद्यावर फाँटपर्यंत पोचत नव्हती. लोहित नावाचा एक खुला फाँट आहे, रेड हॅटने २००४ मध्ये मोकळा केला, त्यांच्या पुण्याच्या लोकांनी तो पुढे सांभाळला. त्यात आधी हिंदीचा वेगळा आणि मराठीचा वेगळा असे दोन फाँट होते, नंतर एकच देवनागरी झाला. भाषेची खूण बघून तो ल बदलतो. म्हणजे पुण्यात कोणीतरी बसून या एका ल साठी डोकं लावलेलं होतं. मला फार बरं वाटलं.

उर्दूचे पडदे बघताना तेवढं बरं वाटलं नाही. उर्दूत सगळा पडदा आरशासारखा उलटतो, मागे जायचा बाणही दिशा बदलतो, ते नीट होतं. पण नस्तालिक ओळीत बसत नाही. ती उजवीकडे वरून सुरू होते आणि डावीकडे उतरत येते. लांब शब्दाची सुरुवात बरीच उंचावर असते. मेनूची पट्टी इंग्रजीच्या मापाने कापलेली, त्यामुळे काही शब्दांची डोकी छाटली गेली होती. एका ठिकाणी गाफची वरची रेघ गायब, गाफचा काफ झालेला. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांनी नूरी नस्तालिक आणली, तेव्हा हजारो जोडण्या एकेक करून हाताने लिहिलेल्या होत्या. कातिबाची लिपी यंत्रात यावी म्हणून केवढा तो खटाटोप. आणि इथे शेवटी पट्टी चार रेघा कमी उंच म्हणून गाफ मार खातो.

"हे चित्र कधीपासून आहे?" मी विचारलं.

"सुरुवातीपासून. मी यायच्या आधीपासून." म्हणजे ते डोकं छाटलेलं चित्रच आदर्श म्हणून लागलं होतं. उद्या कोणी पट्टी उंच केली, तर परीक्षा लाल होणार आणि तो बिचारा आपणच काहीतरी बिघडवलं समजून बदल मागे घेणार.

तिने हे सगळं तिच्या वरिष्ठांपुढे मांडलं तेव्हा त्यांचा प्रश्न साधा होता. मराठी आणि उर्दूच्या परीक्षा वारंवार लाल होतात, बघायला वेळ जातो, वाचणारं कोणी नाही, मग ठेवायच्या कशाला? फेडोरात बसवणीची परीक्षा फ्रेंच, रशियन, जपानी, अरबी अशा मोजक्या भाषांत घेतात. प्रत्येक लिपीचा एखादा नमुना असला की पुरे, असा विचार. तो माणूस वाईट नाही. चित्र सांभाळायला माणूस लागतो आणि माणसाला पगार लागतो, हे त्याला कंपनीला सांगावं लागतं. पण जपानी पास झाली म्हणून ‘दुसऱ्या’ पास होत नाही, आणि अरबी सरळ ओळीत बसली म्हणून नस्तालिक बसत नाही.

भाची दोन दिवस गप्प होती. मग तिने पंधरा परीक्षांच्या पाच केल्या. मोठे चौकोन काढून टाकले. पूर्ण खिडकीचा चौकोन असला तर एवढासा रफार ९६ टक्क्यांत सहज लपून जातो, हे तिने मला करून दाखवलं. स्वागताच्या पडद्यावर दोन्ही शब्द पास होत होते. आता चौकोन फक्त त्या शब्दाभोवती असतो. प्रत्येक चित्राच्या नोंदीत तिने लिहून ठेवलं की इथे नेमकं काय बघायचं आणि वाचता येत नसेल तर नवं चित्र लावू नये. उर्दूच्या छाटलेल्या चित्राला तिने एटीकेटी दिली आणि दोषाची नोंद केली. ती अजून सुटलेली नाही. वरिष्ठ म्हणाले, पाच ठीक आहेत, मार्चपर्यंत बघू.

"वाचणारा कोण, असं विचारलं तर?" मी म्हटलं.

"तुमचं नाव नाही सांगितलं. ओळखीचे एक सर आहेत म्हटलं."

पाचव्या परीक्षेत ती एक तयार फाइल उघडते. फाइलीत दोनच ओळी आहेत. वरती दर्या, खाली दऱ्या. चित्र मी तपासून दिलं, दोनदा, कागदावर छापून.

गेल्या आठवड्यात मी वर्गात असताना तिचा मेसेज आला, दर्याची परीक्षा लाल. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये बसून चित्र मोठं करून बघितलं. दोन्ही शब्द जसेच्या तसे होते. मी पुन्हा बघितलं, चष्मा पुसून. मग दिसलं. दऱ्याच्या शेवटी एक बारीक उभी रेघ होती, कान्याला लागून, जणू आणखी एक काना. ती लुकलुकणारा कर्सर होती.

मी कळवलं, शब्द बरोबर आहेत, कर्सर हलव.